फुलफॉर्म सर

सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "बी.ई. म्हंजे काय?"

मी नोकरीसाठी मुलाखत द्यायला बसले होते. समोर कारखान्याचे मालक आणि त्यांच्या शेजारी हे गृहस्थ, तपासणी विभागाचे प्रमुख. पांढरा शर्ट, त्याला कडक इस्त्री, खिशात एक पेन आणि एक बोटाएवढी बॅटरी. मी म्हटलं, इंजिनिअरिंग. ते म्हणाले, ई झाला, बी राहिला. मग मी बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग असं सगळं म्हटलं. त्यांनी मालकांकडे वळून सांगितलं की घ्या हिला, हिला पुरं बोलता येतं. झाली मुलाखत. चार वर्षं घासून मिळवलेले मार्क कुणी बघितलेसुद्धा नाहीत, ह्याचं मला आष्ट्याला घरी पोचेपर्यंत वाईट वाटत होतं.

कारखाना इस्लामपूरच्या औद्योगिक वसाहतीत. मालकांच्या वडिलांच्या काळात तिथं साखर कारखान्यांचे सुटे भाग व्हायचे. मालकांनी त्याच पत्र्याखाली नवी यंत्रं आणली आणि विमानाचे भाग करायला घेतले. भाग म्हणजे मुठीत मावतील असे अॅल्युमिनियमचे तुकडे, विमानाच्या पोटात कुणाला न दिसणाऱ्या जागी बसणारे. गिऱ्हाईक एकच, आणि तेही परदेशातलं. तरी पंचक्रोशीत आम्हाला विमानाचा कारखाना म्हणायचे, आणि आमच्या आईने तर गल्लीत सांगून ठेवलं होतं की पोरगी विमानं तपासते. मी कागद तपासायचे.

त्या कागदांवर धातूपेक्षा आद्याक्षरं जास्त असत. पहिला नग तपासला की एफ.ए.आय., नग बिघडला की एन.सी.आर., का बिघडला ह्याचा शोध घेतला की आर.सी.ए., आणि पुन्हा बिघडू नये म्हणून काही केलं की सी.ए.पी.ए. पहिल्या आठवड्यात मी सगळं पाठ केलं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की जे हे शब्द सर्वांत जोरात बोलतात त्यांना त्यांचा अर्थ सर्वांत कमी ठाऊक असतो. पण हे कळायलाही मला सर लागले. कारण त्यांच्या खोलीत आद्याक्षरांना मज्जाव होता. कुणी दारातून "सर, एन.सी.आर. आलाय" म्हटलं की आतून ठरलेलं उत्तर यायचं: "आर्धं बोलू नगं. पुरा बोल."

"पुरा बोल" हे हवाई दलातलं. सर आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातले, आणि उमेदीची सगळी वर्षं हवाई दलात विमानांच्या देखभालीवर काढलेली. त्यामुळे बोलण्यात निम्मी आटपाडी आणि निम्मी हिंदी. गावात त्यांना मेजर म्हणत. हवाई दलात मेजर नसतो हे त्यांनी गावाला काही वर्षं समजावून सांगितलं, मग गावच्या इच्छेला मान दिला. कारखान्यात तोंडावर सगळे सर म्हणायचे आणि पाठीमागे फुलफॉर्म. त्यांना ते माहीत होतं. दोन शब्दांचं टोपणनाव आहे, त्याची आद्याक्षरं केली नाहीत एवढं नशीब, असं ते एकदा मला म्हणाले.

स्वतःलाही ते सूट देत नसत. नवीन होते तेव्हा इस्लामपूरच्या स्टँडवर उतरून त्यांनी रिक्षावाल्याला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत सोडायला सांगितलं. रिक्षावाला म्हणाला, तसलं सरकारी हापिस हितं न्हाई. दुसरा म्हणाला, ते सांगलीला. सगळे मदतीला आले, पण एम.आय.डी.सी. हे चार अक्षरांचं उत्तर सर ओठांवर आणायला तयार नव्हते. शेवटी चालत आले. पहिल्याच दिवशी उशीर झाला म्हणून मालकांनी कारण विचारलं, तेव्हा सरांनी तेही पुरं सांगितलं, आणि त्यात आणखी अर्धा तास गेला.

हे वेड कुठून आलं असं विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं. एकदा म्हणाले, वडिलांमुळे. वडिलांना शंभरच्या पुढे मोजता येत नव्हतं, पण कळपात कमी झालं की ते कळायचं. किती कमी हे सांगता यायचं नाही, कोण कमी हे सांगता यायचं. दुसऱ्यांदा म्हणाले, हवाई दलामुळे. तिथं एका नव्या अधिकाऱ्याने सकाळी एका विमानाबद्दल चार अक्षरांचा हुकूम सोडला. सगळे यस सर म्हणून बाहेर आले आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारू लागले. कुणालाच अर्थ माहीत नव्हता आणि परत जाऊन विचारायची सगळ्यांना लाज. म्हणून सगळ्यांनी मिळून दिवसभर त्या विमानाला बंदुकीसह पहारा दिला. संध्याकाळी कळलं की ते धुवायचं होतं. "गुन्हेगार न्हवतं ते," सर शांतपणे सांगायचे. "निस्तं मळलं हुतं."

वेळ वाचतो म्हणून लोक आखूड बोलतात, असं मी एकदा त्यांना म्हटलं. त्यांनी बॅटरी खाली ठेवली आणि मला विचारलं की आजवर असा जो काही वेळ वाचला, त्यात मी काय केलं. मला आठवेना. अजूनही आठवत नाही.

इंग्रजीवर राग होता म्हणावं तर तसंही नाही. मराठी आद्याक्षरांनाही ते तेवढीच वाईट वागणूक द्यायचे. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः छापून घेतली. तिच्यात चि.सौ.कां. नव्हतं, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी होतं. दोन्ही घरच्या पाहुण्यांच्या पदव्या, पदं आणि संस्था इतक्या पूर्ण होत्या की पत्रिका चार घड्यांची झाली आणि गावात ती वाचायला लोक बसून घ्यायचे. व्याह्यांकडच्या एका मामांच्या नावामागे "मा." होतं. हे मामा पूर्वी पंचायत समितीवर होते. सरांनी ते अक्षर सोडवून "माजी" छापलं. मामा इतकी वर्षं ते "माननीय" असं वाचत आले होते. लग्नात ते जेवले, पण जिलेबी घेतली नाही.

आद्याक्षरांच्या जोडीला दुसरी एक पीडा होती: ती बदलायची. गिऱ्हाईकाकडून दर एक-दोन वर्षांनी नवं फर्मान यायचं की अमुक शब्द आता तमुक झाला. मी लागले तेव्हा सरांच्या दारावर तीन पाट्या होत्या, एकीवर एक. सर्वांत खाली "इन्स्पेक्शन", तिच्यावर "क्वालिटी कंट्रोल", तिच्यावर "क्वालिटी अॅशुरन्स". खालची पाटी सर काढू देत नसत. ती काय खोटी होती का, असं म्हणायचे. म्हणून सुतार दर वेळी जास्त लांबीचे स्क्रू घेऊन यायचा. मी असतानाच चौथी आली, "एक्सलन्स सेंटर". आत तेच टेबल, तोच पंखा आणि तेच सर.

ही पाटी बसवली ती पुण्याहून येणाऱ्या सल्लागारांच्या आग्रहाने. हे तरुण गृहस्थ दर महिन्याला येऊन आम्हाला नवे शब्द देऊन जायचे. त्यांनी सांगितलं की जगात आता चूक असं म्हणत नाहीत, ऑपॉर्च्युनिटी म्हणतात. सरांनी ते लगेच अमलात आणलं. दुसऱ्या दिवशी मालकांना जाऊन म्हणाले, रात्रपाळीत लय ऑपॉर्च्युनिटी झाल्या, भंगाराचा टेंपो बोलवा. बिघडलेला माल इथून सुटून गिऱ्हाईकाकडे पोचला तर त्याला "क्वालिटी एस्केप" म्हणायचं, हेही त्या सल्लागारांनीच शिकवलं. सर म्हणाले, माल पळून गेला म्हणता, पण त्याला पाय कुठं आहेत. "आमच्यात मेंढरू पळालं म्हंत न्हाईत. राखनाराला झोप लागली म्हंत्यात."

एका बाबतीत मात्र कारखान्याने सरांवर मात केली. सकाळी पाळी सुरू होताना सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून जमिनीकडे बघत हळूहळू पुढे जायचं आणि दिसेल तो धातूचा कीस, स्क्रू, दोऱ्याचा तुकडा उचलायचा, अशी पद्धत होती. धावपट्टीवर खडे वेचायला करतात तसंच. त्याचं नाव एफ.ओ.डी. वॉक. सरांनी त्याचं फॉरेन ऑब्जेक्ट डेब्री वॉक असं पूर्ण नाव सगळ्यांकडून घोकून घेतलं. पोरं घोकायची. पण ओळीत वाकून चालताना एकाला आपली आई उसात तण काढताना दिसली आणि तो म्हणाला, चला भांगलायला. तेव्हापासून त्याला भांगलणच म्हणायला लागले. सरांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतः म्हणाले, हे बरं हाय, ह्येला फुलफॉर्म लागत न्हाई.

भांगलण हा शब्द काढणारा तो पोरगा म्हणजे दादासो. आष्ट्याजवळच्याच एका वाडीचा, आय.टी.आय. झालेला, कारखान्यातल्या सर्वांत महाग मशीनवर काम करणारा. आमच्याकडे दादासो, आण्णासो अशी नावं घरोघरी असतात. त्यातला "सो" हा साहेबचा आखूड केलेला. त्यामुळे सर त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराला एकटेच दादासाहेब म्हणायचे आणि साहेब म्हटलं म्हणून अहोजाहोही करायचे. दादासाहेब, तुमचा नग घेऊन या. दादासाहेब, तुम्ही गॉगल लावला नाही. दादासो लाजून लाल व्हायचा आणि बाकीची पोरं मशीनमागे तोंड लपवायची.

दादासोच्या घरी शेती बरी होती, पण शेती बघून आमच्याकडे आता कुणी मुलगी देत नाही. तीन वर्षं त्याच्या घरचे स्थळं बघत फिरले. शेवटी इस्लामपूरजवळची एक मुलगी ठरली. तिच्या वडिलांची अट एकच होती: पोरगा विमानाच्या कारखान्यात आहे तोवरच ही सोयरीक. साखरपुडा झाला, लग्न माघात धरलं.

आता खंडेनवमीचं सांगते. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक अवजाराची पूजा होते, मग ते खुरपं असो की कोटी रुपयांचं मशीन. गेल्या वर्षी मालकांनी दादासोच्या मशीनसमोर मोठी पूजा मांडली. मशीनशेजारी इंधनाच्या नळीचे जोड ट्रेमध्ये ठेवलेले होते. बोटाएवढा नग, त्याला दोन भोकं, दोन्ही आत जाऊन काटकोनात मिळणारी. नियमाप्रमाणे ट्रेवर झाकण होतं. मालक दादासोला म्हणाले, "काढ रं ते झाकन. लक्ष्मी झाकून ठेवत्यात व्हय?" दादासोने काढलं. गुरुजींनी मंत्र म्हटला आणि आम्ही सगळ्यांनी कुंकवाच्या अक्षता टाकल्या, मशीनवर, अवजारांवर आणि लक्ष्मीवर. मी टाकल्या. सरांनीही टाकल्या. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर भांगलण झाली, तांदूळ वेचले गेले, नग धुतले गेले, सरांनी बॅटरी लावून एकेक तपासला आणि प्रत्येकाच्या कागदावर आपला शिक्का उमटवला.

ह्या शिक्क्याबद्दल सांगायला हवं. तपासणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा शिक्का असतो. सरांचा पितळी होता, गोलात सातचा आकडा. तो कागदावर उमटला म्हणजे ह्या माणसाने हा नग स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. तो दुसऱ्याला देता येत नाही. सर तो एका पातळ दोरीने पट्ट्याला बांधून खिशात ठेवायचे आणि जेवताना खिशावरून हात फिरवून बघायचे.

मार्गशीर्षात गिऱ्हाईकाची तक्रार आली. विमानाची जोडणी करताना आमच्या एका जोडाच्या आत, भोकं जिथं मिळतात त्या कोपऱ्यात, एक वस्तू सापडली होती. विमान उडालेलं नव्हतं, हे नशीब. प्रयोगशाळेचा अहवाल जोडला होता: वस्तू वनस्पतिजन्य, पिष्टमय, पृष्ठभागी लालसर रंग, उगम अज्ञात. सोबत मोठा करून काढलेला फोटो. मालकांच्या खोलीत तो पडद्यावर लावला. खोलीतल्या प्रत्येकाला तो एका क्षणात ओळखू आला, आणि प्रत्येकजण नीट दिसत नसल्यासारखा पुढे वाकला.

"ऑरगॅनिक एफ.ओ.डी. आहे," पुण्याचे सल्लागार म्हणाले.

"अक्षता हाय ती," सर म्हणाले.

मग सल्लागारांनी उत्तराचा मसुदा वाचला. तो चांगला अर्धं पान होता आणि त्यात एकही पूर्ण शब्द नव्हता. आर.सी.ए. झालं, एस.ओ.पी. पाळली गेली नाही, सी.ए.पी.ए. घेतली. सरांनी मला सांगितलं की हे पुरं करून वाच. मी मराठीत वाचलं. वाचून झालं तेव्हा ते एवढंच निघालं: दादासाहेबांनी ट्रे उघडा ठेवला, म्हणून त्यांना ह्या कामावरून कायमचं काढलं आहे.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांचं म्हणणं असं की पूजेचं लिहिलं तर तिकडचे हसतील, आणि हसले की काम काढून घेतील, आणि काम गेलं की सगळीच घरी बसतील. त्यापेक्षा एकजण गेलेला बरा.

"त्याचं लगीन हाय माघात," सर म्हणाले.

"मला काय ठावं न्हाई व्हय, सर? पन नाव तर कुनाचं तरी द्यायला लागतंय न्हवं."

ते मात्र खरं होतं. गिऱ्हाईकाच्या संगणकावर उत्तराच्या शेवटी एक रकाना होता, कारणीभूत व्यक्ती. तो भरल्याशिवाय उत्तर पुढे जात नव्हतं. त्यात एकच नाव बसायचं, तेही तयार यादीतून निवडून, आणि यादीत फक्त मशीनवाले आणि शिक्केवाले. झाकण काढायला सांगणाऱ्यासाठी त्यात सोय नव्हती. झाकण कुणी काढायला लावलं, असं सरांनी विचारलं तेव्हा मालक पंख्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, उत्तरावर सही तुमचीच लागते, काय लिहायचं ते तुम्ही लिहा, फक्त काम जाऊ देऊ नका. आणि उठून गेले.

सरांनी मला खोलीत बसवून उत्तर सांगितलं आणि मी ते इंग्रजीत टंकलं. दोन पानं झाली. आम्ही वर्षातून एकदा आमच्या यंत्रांची पूजा करतो. पूजेत तांदूळ टाकतो. तो तांदूळ आम्ही नव्या नवरा-नवरीवरही टाकतो. ह्या वर्षी मालाच्या ट्रेवरचं झाकण आम्ही समजून-उमजून काढलं. तांदूळ सगळ्यांनी टाकला. नंतर वेचला, एक राहिला. यापुढे पूजेआधी सगळा माल खोलीबाहेर कुलपात जाईल, पूजा झाल्यावर यंत्र आतून-बाहेरून साफ होईल, आणि मगच माल परत येईल. आणि शेवटी: तपासणाऱ्याने दोन्ही बाजूंनी बॅटरी लावून बघितलं, पण आत जिथं भोकं मिळतात त्या कोपऱ्याच्या अलीकडपर्यंतच बघितलं.

मग तो रकाना आला. यादी उघडली. सरांनी पडद्यावर बोट ठेवलं ते स्वतःच्या नावावर.

मी म्हटलं, "सर, शिक्का जाईल."

"आर्धं बोलू नगं."

"सर, तुमचा शिक्का कायमचा काढून घेतील. तुम्हाला इथं पुन्हा एकही नग तपासता येणार नाही."

"आसं. आता कळलं," ते म्हणाले. "दाब."

मला राग आला. मालकांचा आला, सल्लागारांचा आला, आणि सगळ्यांत जास्त सरांचा आला. स्वतःचा शिक्का जात होता आणि सर शुद्धलेखन तपासल्यासारखे बोलत होते. मी विचारलं की झाकण तुम्ही काढलं नाही, तर नाव तुमचं का. ते म्हणाले की झाकण काढणारे दोघं, तांदूळ टाकणारे चाळीस, पण त्या कागदावर गोल एकच आहे. सही केलेला मी, बघितलं म्हणणारा मी. दादासाहेबांनी कुठं म्हटलं होतं की मी आत बघितलं. त्यांच्या आवाजात त्यागबिग काही नव्हता. नग मापात बसतो की नाही हे सांगताना असायचा तोच आवाज होता. मी बटण दाबलं.

दोन दिवसांनी पडद्यावर तिकडच्या बाई आल्या. त्यांच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख, केस पांढरे, चष्मा नाकावर. मालक कोपऱ्यात हात जोडल्यासारखे बसले होते. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तांदूळच का. सर म्हणाले, जे मोडू नये असं वाटतं त्याच्यावर आम्ही टाकतो. बाईंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, हा नग शेवटचा कुणी बघितला. सर म्हणाले, मी. बाई म्हणाल्या की इतकं समजेल असं उत्तर त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी पाठवलेलं नाही. मग म्हणाल्या की नियम मात्र नियम आहे, आणि तो त्यांनी केलेला नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पंधरवड्याने निकाल आला. काम राहिलं. दादासो राहिला. खंडेनवमीची पूजा नव्या अटींसह मान्य झाली, आणि गिऱ्हाईकाच्या नियमावलीत तिची रीतसर नोंद झाली: अॅन्युअल मशीन ब्लेसिंग, थोडक्यात ए.एम.बी. सरांना मी तेवढं पहिल्यांदा वाचून दाखवलं. ते खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. दुसरा परिच्छेद त्यांच्या शिक्क्याचा होता.

मालकांनी त्यांना राहायचा खूप आग्रह केला. सल्लागार म्हणून राहा, नुसतं येऊन बसा. सर म्हणाले, बिनशिक्क्याचा येऊन बसायला मी काय पावणा आहे? दादासो रोज त्यांच्या दारापर्यंत यायचा. कारखान्यात इंग्रजी उत्तर कुणी वाचलं नव्हतं, पण त्यात काय आहे ते त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळलं होतं. तो तोंड उघडायचा आणि सर विचारायचे, दादासाहेब, मशीनचं तेल बदललं का. तो हो म्हणून परत जायचा.

काढून घेतलेला शिक्का नष्ट करायचा असतो. नियम असा की तो आकडा वाचता येणार नाही इतका घासायचा, मंजुरी असलेल्या कामगाराने, शिक्केवाल्याच्या समोर, आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. साक्षीदार मी आणि मालक. ग्राइंडर दादासोच्या विभागात होता, आणि मंजुरी असलेल्यांच्या यादीत त्याचं नाव शाबूत होतं.

सरांनी पट्ट्याची दोरी सोडवली आणि शिक्का त्याच्या हातात दिला.

"माज्या हातनं न्हाई व्हायचं, सर," दादासो म्हणाला. "दुसऱ्या कुनाला तरी सांगा."

"दुसऱ्या कुनाला मंजुरी न्हाई. गॉगल लावा, दादासाहेब."

त्याने गॉगल लावला. ग्राइंडर सुरू झाला. पितळेच्या ठिणग्या उडत नाहीत, नुसता पिवळा भुसा पडतो. थोड्या वेळाने त्याने मशीन बंद केलं आणि शिक्का सरांपुढे धरला. मालकांनी लांबूनच मान हलवली, झालं झालं म्हणाले, आणि सहीसाठी पेन काढलं. मलाही झालंसं वाटलं.

सरांनी शिक्का उजेडाकडे धरला. खिशातली बॅटरी काढली आणि तिरकी लावून बघितली. गोल गेला होता. सातची एक तिरपी रेघ राहिली होती, मुद्दाम राखल्यासारखी.

"आजून वाचाय येतंय," ते म्हणाले, आणि शिक्का त्याच्या हातात परत ठेवला. "पुरा घासा."

दादासोने गॉगल काढून पुसला, परत लावला आणि मशीन सुरू केलं.